डॉक्टरांनाही झोप हवी असते

१ जुलैला आपण डॉक्टर दिन साजरा करतो. डॉ. बिधानचंद्र रॉय यांची आठवण काढतो, 'डॉक्टर म्हणजे देव' असं म्हणतो. पण सरकारी रुग्णालयात रात्री तीन वाजता आपल्याला तपासणारा डॉक्टर बहुतेक वेळा स्वतःच विद्यार्थी असतो. एमबीबीएस होऊन एमडी किंवा एमएस करणारा निवासी डॉक्टर. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, रात्री इमर्जन्सी आणि उजाडल्यावर पुन्हा राउंड. सलग चोवीस-छत्तीस तासांच्या ड्युटीचं आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

यातून होतं ते 'बर्नआउट'. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हा आजार नसून कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असंही संघटनेने स्पष्ट केलं. म्हणजे दोष मुलांच्या मनात नाही, कामाच्या पद्धतीत शोधायला हवा.

मग नियम नाहीत का? आहेत की! केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास अशी मर्यादा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुट्टी आणि रोज ७ ते ८ तास झोप सुचवली. बघा, बत्तीस वर्षांत आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला!

काही ज्येष्ठ म्हणतात, "आम्हीही असंच शिकलो. जास्त रुग्ण पाहिल्याशिवाय हात बसत नाही." यात तथ्य आहे. पण रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोहोचवणं, रिपोर्ट आणायला धावणं, स्ट्रेचर ढकलणं यातून कोणती शस्त्रक्रिया शिकता येते? हे तास आधी कमी करा. तेवढ्याने शिक्षणाचं काहीच बिघडणार नाही.

ताण वाढला की योगशिबिर आणि व्याख्यान ठेवलं जातं. योग चांगलाच, पण तो झोपेची जागा घेत नाही. माझ्या मते तीन गोष्टी आधी हव्यात : कर्मचाऱ्यांची रिकामी पदं भरणं, प्रत्येकाच्या ड्युटीच्या तासांची खरी नोंद ठेवणं आणि 'मला त्रास होतोय' म्हणणाऱ्याला कमकुवत न ठरवणं. मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो डॉक्टरांसाठीही आहे, हे लक्षात ठेवा.

पालकहो, 'नीट'चा निकाल लागला की आपण पेढे वाटतो आणि मुलगा मार्गी लागला असं समजतो. त्यानंतरही त्याला फोन करून आधी "जेवलास का, झोपलास का?" एवढं विचारा. आणि रुग्णालयात रांगेत उभं असताना समोरच्या डॉक्टरवर ओरडण्याआधी क्षणभर थांबा. त्याची झोप हा त्याचा लाड नाही. आपल्या माणसाला योग्य औषध योग्य मात्रेत मिळावं म्हणूनही ती हवी आहे.