नीतिमीमांसा आणि संदर्भनिर्देशांची मोजदाद

तत्त्वज्ञाचे कर्तृत्व त्याच्या निबंधांच्या संख्येवरून आणि त्या निबंधांचा इतरांनी किती वेळा निर्देश केला यावरून ठरवावे, ही भूमिका आता केवळ प्रशासकांची राहिलेली नाही. तत्त्वज्ञानाचे अध्यापकही ती निमूटपणे स्वीकारू लागले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते, निदान नीतिमीमांसेच्या क्षेत्रात तरी ही भूमिका अपुरी नव्हे, मुळातच चुकीची आहे.

फिलिपा फूट यांचे उदाहरण घ्यावे. १९६७ साली 'ऑक्सफर्ड रिव्ह्यू'मध्ये गर्भपात आणि द्विपरिणामाचा सिद्धान्त यांवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ताबा सुटलेल्या ट्रामचा चालक पाच माणसांऐवजी एकाच्या अंगावर गाडी वळवतो, हा दृष्टान्त त्यात येतो. पण तो येतो ओझरता. दंगलखोरांना शांत करण्यासाठी निरपराध माणसाला फासावर देणारा न्यायाधीश आणि हा चालक यांत भेद का करावा, हा फूट यांचा खरा प्रश्न होता. इजा न करण्याचे कर्तव्य आणि साहाय्य करण्याचे कर्तव्य यांतील फरकाच्या आधारे त्यांनी त्याचे उत्तर शोधले. पुढे जुडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७६ साली 'ट्राम-समस्या' हे नाव रूढ केले, आणि २०१८ मध्ये चालकविरहित मोटारींविषयीच्या एका प्रयोगात लोकांचे सुमारे चार कोटी निर्णय गोळा करण्यात आले. या प्रवासात दृष्टान्त उरला आणि युक्तिवाद मागे पडला. फूट यांच्या नावापुढे जमा होणाऱ्या आकड्यांतले किती त्यांच्या विचाराचे आणि किती त्या ट्रामचे, हे कोणताही निर्देशांक सांगू शकत नाही.

याच फूट यांचा 'नॅचरल गुडनेस' हा पहिला सलग ग्रंथ २००१ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, प्रकाशित झाला. वार्षिक उत्पादनाच्या हिशेबात असा ग्रंथ म्हणजे दीर्घकाळाची अनुपस्थिती ठरते. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचविलेल्या एच-निर्देशांकाचे गणितही तसेच आहे. ज्याच्या तीनच निबंधांचा प्रत्येकी हजार वेळा निर्देश झाला, त्याचा निर्देशांक तीन. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी दहा वेळा झाला, त्याचा दहा. थोडे आणि विचारपूर्वक लिहिणाऱ्याला येथे दंडच होतो.

यातील विपर्यास असा की, संदर्भसूचीची कल्पना मांडताना, १९५५ साली, यूजीन गारफील्ड यांना अभिप्रेत असलेल्या उपयोगांपैकी एक चिकित्सेचा होता: एखाद्या लेखावर पुढे कोणी आक्षेप घेतला, हे अभ्यासकाला कळावे. आज तोच आक्षेप मूळ लेखकाच्या खात्यात जमेची नोंद म्हणून पडतो. तळटीपेतला उपचार आणि तीस पानांचे खंडन यांचे मोल सारखेच, एक.

यावर उत्तर दिले जाते की, आकडे निःपक्षपाती असतात. ते नसतील तर निवड गटबाजीच्या हाती जाईल. ही भीती अनाठायी नाही. ज्याला कोणी पाठीराखा नाही अशा अध्यापकाला आकड्यांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परस्परांचा निर्देश करीत राहणारे गट याच पद्धतीत पोसले जातात, हेही विसरता येणार नाही. शिवाय पक्षपाती अभिप्रायाची कारणे मागता येतात, त्यांचा प्रतिवाद करता येतो. आकड्याशी वाद घालता येत नाही. म्हणूनच तो सोयीचा वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जाचक आहे. २०१० च्या विनियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय गुणांची पद्धत आणली, आणि संशोधनाचा विषय निवडतानाच गुणांचा विचार होऊ लागला. मे. पुं. रेगे यांनी 'नवभारत'सारख्या नियतकालिकातून मराठीत जे तत्त्वचिंतन केले, त्याची दखल आंतरराष्ट्रीय सूचींत कोठे लागणार? मराठीत नीतिविचार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने यातून कोणता धडा घ्यावा, हे उघड आहे.

म्हणून मागणी साधी आहे. निवड समितीने उमेदवाराचे दोन निबंध प्रत्यक्ष वाचावेत, आपला निर्णय सकारण लिहावा आणि त्याखाली सही करावी. नीतिमीमांसेच्या अध्यापकाची निवड करताना निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलणारी समिती, तो अध्यापक जे शिकवणार आहे त्याचाच पहिला पाठ नाकारीत असते.