हृदय लहान झाले, पण आयुष्य वाढले का?

मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या हातात काही महिन्यांनी टू-डी इकोचा नवा रिपोर्ट येतो. हृदय मोठे झाले आहे, पंपिंग तीस टक्क्यांच्या आसपास आहे, असे त्यावर लिहिलेले असते. डॉक्टर बायपास सुचवतात. कधी कधी पुढे हेही सांगतात की त्याच ऑपरेशनमध्ये हृदयाचा फुगलेला भाग काढून त्याला पुन्हा आकार देऊ. घरी आल्यावर एकच चर्चा सुरू होते, पैसे कुठून आणायचे? कोणी मंगळसूत्राकडे पाहतो, कोणी सावकाराचे नाव काढतो, मंडळाची पोरे वर्गणीची वही उघडतात.

आमचे म्हणणे असे आहे की वही उघडण्याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे आकार देण्याचे जादा काम केल्याने आपला माणूस जास्त जगणार आहे का? या प्रश्नाचे उत्तर जगातील डॉक्टरांनी शोधून ठेवले आहे. ते वस्तीतल्या घरांपर्यंतही पोचले पाहिजे.

हृदय फुगते कसे?

हृदयाच्या खालच्या बाजूला दोन कप्पे असतात. त्यातला डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पोचवतो, म्हणून त्याची भिंत सर्वात जाड. अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद झाली की त्या वाहिनीवर जगणारा स्नायू मरू लागतो. मेलेल्या जागी व्रण तयार होतो. व्रणाला आकुंचन पावता येत नाही. रक्ताचा दाब सोसता सोसता ती जागा पातळ होते आणि फुग्यासारखी बाहेर येते. मग उरलेल्या चांगल्या स्नायूवर जास्त ताण पडतो, तोही थकतो, आणि निमुळता असलेला कप्पा चेंडूसारखा गोल होत जातो. जिना चढताना धाप लागणे, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, पायावर सूज येणे ही त्याची लक्षणे. फुगलेल्या जागी रक्त साचून गुठळी झाली, तर ती मेंदूत जाऊन लकवाही होऊ शकतो.

ऑपरेशन काय असते?

अमेरिकन सर्जन डेन्टन कूली यांनी १९५८ साली हार्ट-लंग मशीनच्या मदतीने असा फुगा कापून कडा सरळ शिवल्या. पण सरळ शिवणीने कप्प्याचा मूळ आकार येत नव्हता. १९८४ मध्ये फ्रेंच सर्जन व्हँसाँ डोर यांनी वेगळी पद्धत आणली. व्रण उघडायचा, चांगला स्नायू आणि व्रण यांच्या हद्दीवर आतून गोल टाका घालायचा, बटव्याची नाडी ओढावी तसा तो आवळायचा आणि उरलेल्या भोकावर ठिगळ लावायचे. ब्राझीलचे अदिब जाटेने यांनीही त्याच सुमारास अशीच वाट काढली. आज ‘डोर ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. बहुतेक वेळा ते बायपासबरोबर केले जाते.

कल्पना पटण्यासारखी आहे. हृदय फुगले म्हणून थकले, तर ते लहान करा. सुरुवातीचे आकडेही आशा वाढवणारे होते. १९९८ ते २००३ या काळात वेगवेगळ्या देशांतील सर्जनांच्या एका गटाने ११९८ रुग्णांची नोंद ठेवली. पंपिंग सरासरी साडेएकोणतीस टक्क्यांवरून साडेएकोणचाळीसच्या घरात गेले. पाच वर्षांनी सुमारे ६९ टक्के रुग्ण जिवंत होते. महिन्याभरात दगावलेले ५.३ टक्के होते. ज्यांच्यात आतला झडपेचा दोषही त्याच वेळी दुरुस्त करावा लागला, त्यांच्यात हेच प्रमाण ८.७ टक्के होते.

पण या नोंदीत एक मोठी उणीव होती. ज्यांचे असे ऑपरेशन झाले नाही, त्यांच्याशी तुलनाच नव्हती. नुसती बायपास केली असती तर किती जगले असते, हे त्यातून कळत नाही. औषधाने बरे वाटले असे दहा जण म्हणाले, पण औषध न घेतलेले दहा जण तपासलेच नाहीत, तसे हे झाले.

हजार रुग्णांनी दिलेले उत्तर

ही तुलना पुढे अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या पैशाने झाली. ‘स्टिच’ नावाच्या या अभ्यासात बऱ्याच देशांतील १००० रुग्ण होते. सगळ्यांचे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी होते. चिठ्ठी काढावी तसे त्यांचे दोन गट पाडले. ४९९ जणांची फक्त बायपास ठरली, तर ५०१ जणांची बायपास आणि त्यासोबत कप्पा लहान करणे. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला.

आकार दिलेल्या गटात कप्प्याचे आकारमान १९ टक्क्यांनी घटले. नुसत्या बायपासच्या गटात ६ टक्क्यांनी. म्हणजे सर्जनांनी जे सांगितले होते ते घडले, हृदय लहान झाले. पण सुमारे चार वर्षांनी मोजले तेव्हा मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा दवाखान्यात भरती होणे, यांचे प्रमाण एका गटात ५९ टक्के आणि दुसऱ्यात ५८ टक्के निघाले. दोन्हीकडे २८ टक्के माणसे दगावली होती. चालण्याची ताकद, धाप, छातीतले दुखणे यांतही दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला. फरक पडला तो खर्चात. अमेरिकेतील रुग्णांचा हिशेब केला तेव्हा नुसत्या बायपासला सुमारे ५६ हजार डॉलर, तर आकार देण्यासह सुमारे ७० हजार डॉलर लागले होते. म्हणजे पाव पट जास्त पैसे, आणि त्या पैशातून जादा आयुष्य मिळाले नाही.

या निकालावर वादही झाला. व्रण नीट तपासून रुग्ण निवडले नाहीत, कप्पा पुरेसा लहान केला नाही, असे या ऑपरेशनच्या बाजूच्या सर्जनांनी म्हटले. त्या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण त्याचाही अर्थ हाच निघतो की हे काम सरसकट करायचे नाही. कोणाला करायचे हे निवडावे लागते, आणि ते हात बसलेल्या सर्जननेच करावे लागते.

आणखी एक धडा ब्राझीलच्या रांदास बतिस्ता यांच्या ऑपरेशनचा आहे. १९९० च्या दशकात त्यांनी व्रण नसलेल्या, नुसत्या पसरलेल्या हृदयाचा जिवंत स्नायूच कापून हृदय लहान करायला सुरुवात केली. त्याचा जगभर गाजावाजा झाला. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने ६२ रुग्णांवर ते करून पाहिले. तीन वर्षांनी ६० टक्के जिवंत होते, पण हृदय पुन्हा पूर्वीसारखे थकले नाही आणि दुसऱ्या उपायाची गरज पडली नाही असे जेमतेम २६ टक्के उरले. त्यांनी ते थांबवले. गाजलेली गोष्ट तपासून पाहून सोडून देण्याची हिंमत तिथे दाखवली गेली, याचे आम्हाला मोल वाटते.

धोके कोणते?

छाती उघडून, हृदय मशीनवर टाकून केलेले हे मोठे काम आहे. बायपासपेक्षा त्याला वेळ जास्त लागतो. रक्तस्राव, मूत्रपिंड बसणे, लकवा, छातीच्या हाडाला जंतुसंसर्ग हे धोके असतात. ऑपरेशननंतर कमजोर हृदय लगेच जोर धरत नाही, तेव्हा मांडीतून फुग्याचा पंप टाकावा लागतो आणि आयसीयूचे दिवस वाढतात. ठोके अचानक बेताल होऊ शकतात. कप्पा फार लहान केला तर त्यात रक्त मावत नाही आणि धाप तशीच राहते. कमी लहान केला तर तो पुन्हा फुगतो. झडप गळू लागते, ती वेगळीच कटकट.

मग हे ऑपरेशन कोणीच करू नये का? तसे आम्ही म्हणत नाही. मोठा, स्पष्ट फुगा आहे आणि औषधे पूर्ण देऊनही धाप हटत नाही, किंवा त्या व्रणातूनच जीवघेणे बेताल ठोके उठतात, किंवा आत गुठळी आहे आणि बायपाससाठी छाती उघडायचीच आहे, अशा निवडक रुग्णांना त्याचा उपयोग होऊ शकतो. अटॅकनंतर हृदयाची भिंत फाटून बाहेरच्या आवरणाने कशीबशी अडवून धरली असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशन टाळून चालत नाही. आणि बायपास ही स्वतंत्र बाब आहे. याच स्टिच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात दहा वर्षांनी बायपास झालेल्यांपैकी ५९ टक्के, तर नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ६६ टक्के दगावले होते. म्हणून हा लेख वाचून कोणी बायपास रद्द करू नये.

सही करण्याआधी विचारा

आपल्या घरांतून डॉक्टरांना प्रश्न विचारायला माणसे बिचकतात. इंग्रजी कागदावर दाखवतील तिथे सही होते, नाहीतर अंगठा उठतो. कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर तपासून पटले म्हणून स्वीकारायचे, ही आपल्या घरांची शिकवण. ती दवाखान्याच्या दारात सोडून यायची नाही. शांतपणे, आदराने एवढे विचारा:

नुसती बायपास केली तर काय होईल, आणि आकार दिल्याने माझ्या रुग्णाला नेमका कोणता जादा फायदा होईल? व्रण किती आहे आणि उरलेला स्नायू किती जिवंत आहे, हे एमआरआय किंवा दुसऱ्या तपासणीने पाहिले आहे का? सगळी औषधे पूर्ण मात्रेत, पुरेसे दिवस देऊन झाली आहेत का? तुम्ही अशी किती ऑपरेशन केली, त्यातले किती रुग्ण महिन्याभरात दगावले? एकूण खर्च किती, योजनेत किती बसतो, आयसीयूचे दिवस वाढले तर काय?

हे समजेल अशा भाषेत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत त्यांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असा नियम आहे. त्या घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या हृदयविभागात एकदा दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात हृदयाची ऑपरेशन आहेत. आपले ऑपरेशन त्यात बसते का, हे योजनेतल्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. सावकाराचे दार या सगळ्यानंतर आठवावे, आणि शक्यतो आठवूच नये.

खरी लढाई आधीची

आमचे शेवटचे म्हणणे हे की फुगलेले हृदय लहान करण्यापेक्षा ते फुगू न देणे कितीतरी पटीने सोपे आणि स्वस्त आहे. अटॅकच्या पहिल्या तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी मिळाली, तर स्नायू वाचतो आणि व्रण लहान राहतो. वस्तीत मात्र हे तास गॅस झाला म्हणून सोडा पिण्यात आणि छाती चोळण्यात जातात. रोज बुडेल म्हणून बिगारी काम करणारा माणूस घाम पुसत कामावर जातो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे दुखणे तर ‘अशक्तपणा’ म्हणून बाजूला पडते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, एकाएकी धाप, यातले काहीही झाले तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढता येईल अशा ठिकाणी पोचा.

अटॅकनंतरच्या गोळ्या कमजोर हृदयाचे आयुष्य वाढवतात, हे वारंवार सिद्ध झाले आहे. बरे वाटले म्हणून किंवा महिनाअखेर पैसे नाहीत म्हणून त्या सुटतात, तिथे हृदय गुपचूप पसरते. सरकारी दवाखान्यात या गोळ्या महिनाभर खंड न पडता मिळणे, ही आपल्या वस्त्यांची मागणी असली पाहिजे. वर्गणीची वही असलेल्या मंडळांनी यासाठी निवेदन घेऊन जावे. विहारात महिन्यातून एकदा बीपी आणि साखर तपासली, तर पुष्कळ घरे वाचतील.

घरात कमजोर हृदयाचा माणूस असेल तर त्याचे वजन रोज सकाळी करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साचते आहे असे समजा आणि दवाखाना गाठा. सुकट, बोंबील, पापड, लोणचे यांतले मीठ त्याच्यासाठी विषासारखे आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री बंद म्हणजे बंद.

ऑपरेशन कधी लागेल, कधी लागणार नाही. ते ठरवताना इकोच्या रिपोर्टवरचा आकडा पुरेसा नाही. आपला माणूस किती वर्षे जगेल, आणि त्या वर्षांत जिना चढू शकेल का, हे विचारा. उत्तर मिळाल्यावरच सही करा.