कॉम्प्युटर घ्या, पण माती परीक्षण करून



एरवी या पानावर मी आपल्याशी लागण, बेणं, हुमणी, खोडव्याची खतं याविषयी बोलतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण खर्च आपल्याच उसाच्या बिलातून होणार आहे, म्हणून तो इथं मांडायला हरकत नसावी.

गटात फिरताना हल्ली बांधावर नवे प्रश्न ऐकू येतात. "साहेब, पोरीला डिझाईनला ॲडमिशन मिळाली, कॉम्प्युटर कसला घ्यावा?" दुसरा म्हणतो, "आमचं पोरगं अभंग गातं, घरीच रेकॉर्डिंग करायचं म्हणतंय. हे खूळ किती रुपयांचं?" कुणाच्या घरी तर ही दोन्ही कामं एकाच लेकराला करायची असतात. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ नव्हे. पण या बाबतीत एकदा जबर ठेच खाल्ली आहे. ती सांगितली तर दुसऱ्याचे पैसे वाचतील.

२०१९ साली पुतण्याला ॲनिमेशनच्या कोर्सला घातला. त्याला घेऊन मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "एक टीबीची डिस्क आहे, कंपनी नामांकित आहे, वर बॅग आणि माऊस फुकट." पोरगं हळूच म्हणालं, "काका, रॅम चारच आहे." मी त्याला गप्प केलं. म्हटलं, मोठी माणसं बोलतायत ना. पैसे मोजले आणि पेढे घेऊन घरी आलो.

चार महिन्यांत कळलं की त्या कॉम्प्युटरवर कॉलेजचं सॉफ्टवेअर उघडायलाच चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागतो. पोरगं रात्री मित्राच्या खोलीवर जाऊन काम पुरं करायचं. पुढं मित्राने खोली बदलली आणि दुसऱ्या सत्रात याने कोर्स सोडला. केवळ कॉम्प्युटरमुळे सोडला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी त्याला बोलू दिलं असतं तर निदान हे एक कारण तरी उरलं नसतं. हे मला अजून टोचतं.

आता मुद्द्याचं बोलतो. खत टाकण्याआधी माती तपासून घ्या, असं आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. तसं कॉम्प्युटरच्या बाबतीत आधी काम तपासा. दुकानात जाण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला एक कागद द्या. कोणती सॉफ्टवेअर लागणार, एका वेळी किती उघडी ठेवणार, आवाज एकाचा घ्यायचा की टाळ-पखवाजासकट, हे त्याच्याकडून लिहून घ्या. डिझाईनच्या कॉलेजांत बहुधा कॉम्प्युटरच्या गरजांची यादी मिळते, ती मागून घ्या. नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. नुसत्या प्रवेश परीक्षेसाठी घाईने कॉम्प्युटर घेऊ नका. आयआयटीची 'यूसीड' घ्या, तिच्यातही हाताने चित्र काढावं लागतं. तयारीच्या काळात खरी गरज कागद, पेन्सिल आणि सरावाची आहे.

कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे आपल्या कारखान्यावरून लगेच समजेल. प्रोसेसर म्हणजे मिल. रॅम म्हणजे गव्हाण. आणि डिस्क म्हणजे साखरेचं गोदाम. मिल कितीही मोठी बसवली आणि गव्हाण अरुंद ठेवली, तर गाळप वाढत नाही, गाड्या यार्डात उभ्या राहतात. माझ्या पुतण्याच्या कॉम्प्युटरचं हेच झालं. गोदाम मोठं, गव्हाण चार जीबीची. डिझाईन आणि रेकॉर्डिंग दोन्ही करायचं असेल तर १६ जीबी रॅम धरा. अगदीच हात आखडता असेल तर ८ जीबी घ्या, पण पुढे रॅम वाढवायला जागा आहे का हे विचारूनच. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती मागाहून वाढत नाही.

डिस्क एसएसडी असावी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी चपळ. ५१२ जीबी सुरुवातीला पुरते. हिशेबच करायचा तर एका आवाजाचं चांगल्या प्रतीचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग साधारण ८ एमबी होतं. पाच मिनिटांचा अभंग आठ ट्रॅकवर घेतला तरी ३२० एमबी. म्हणजे गोदामापायी गव्हाणीचे पैसे तोडू नका.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नका. "आय-५ आहे" एवढ्यावर घेणं म्हणजे "को ८६०३२ आहे" एवढ्यावर बेणं घेणं. बेणं घेताना आपण विचारतो की किती महिन्यांचं, लागणीचं की खोडव्याचं. तसं प्रोसेसर कोणत्या सालचा, हे विचारा. २०१२ सालच्या आय-५ पेक्षा २०२२ सालचा आय-३ कितीतरी वेगवान आहे. कंपन्यांनी अलीकडे नावांची पद्धतही बदलली आहे, म्हणून सालच विचारलेलं बरं.

जुना कॉम्प्युटर घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले चांगले लॅपटॉप बाजारात मिळतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. "चालतंय की, टाकून देतो" असं कुणी म्हणालं तरी त्याआधीचा घेऊ नका. बॅटरी किती टिकते ते समोर बसून पाहा, पक्की पावती घ्या आणि वॉरंटी लेखी घ्या.

डिझाईन शिकणाऱ्याने स्क्रीनकडे दुर्लक्ष करू नये. स्वस्त लॅपटॉपचे स्क्रीन रंग फिके दाखवतात. मुलगी स्क्रीनवर हळदीचा पिवळा निवडते आणि छापून आल्यावर तो वेगळाच निघतो. "एसआरजीबी शंभर टक्के आहे का?" एवढाच प्रश्न दुकानात विचारा. मात्र महागडं ग्राफिक्स कार्ड सर्वांनाच लागत नाही. बोधचिन्ह, पोस्टर, पुस्तकाची मांडणी या कामांना ते नसलं तरी चालतं, रेकॉर्डिंगलाही लागत नाही. ॲनिमेशन, इंटीरियर, थ्रीडी यांना लागतं. ॲपलचा कॉम्प्युटर या दोन्ही कामांना चांगला, पण सॉलिडवर्क्स किंवा थ्रीडीएस मॅक्ससारखी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरची आहेत. कॉलेजची यादी आधी पाहा म्हणतो ते यासाठीच.

डेस्कटॉप की लॅपटॉप? त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो आणि दुरुस्तीही सोपी. पण लाईट गेली की यूपीएसशिवाय काम बुडालं, आणि पोरगी हॉस्टेलवर जाणार असेल तर तो घरीच राहणार. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉपचा आणखी एक फायदा होतो. आपल्याकडं बऱ्याच घरांत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे आवाजात घूंऽऽ अशी घरघर येते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. घरघर थांबली तर मशीन बदलू नका, वायरमन बोलवा.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर सगळे पैसे कॉम्प्युटरमध्येच घालू नका. आवाज आत घ्यायला दोन माईक जोडता येतील असा साधा ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माईक आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन एवढं पुरे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, गाणाऱ्याचा ताल चुकतो. कंडेन्सर माईक नाजूक आवाजही पकडतो, पण शेजारची मोटर आणि गोठ्यातलं रेडकूही पकडतो. सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. त्याला दुकानातला फोम नको, भिंतीवर दोन जाड वाकळा टांगा. पंखा बंद करा. ऑडासिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून मग विकत घेता येतं. चित्रांसाठी क्रिटा आणि इंकस्केप, थ्रीडीसाठी ब्लेंडर हीही फुकट आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणाऱ्याला हात जोडा, त्यातून व्हायरस येतो आणि वर्षाचं काम जातं.

गेल्या साली, २०२५ च्या जूनमध्ये, माझ्या मुलीसाठी खरेदी करायची वेळ आली. ती डिझाईन शिकते आणि आमच्या भजनी मंडळाचे अभंगही रेकॉर्ड करते. आकडा मी ठरवला, साठ हजारांच्या वर एक रुपया नाही. कागद तिनं लिहिला. दुकानात मी बाकावर बसलो आणि ती बोलली. दुकानदार दर वेळी माझ्याकडं बघून सांगायचा, मी तिच्याकडं बोट दाखवायचो. तिनं दोन मॉडेल नाकारली, स्क्रीन उजेडात नेऊन पाहिला, रॅमची मोकळी जागा विचारली. अठ्ठेचाळीस हजारांचा लॅपटॉप आणि बारा हजारांत आवाजाचं सामान घेऊन आम्ही परतलो. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव वाढले, म्हणून माझा आकडा आज तसाच धरू नका. प्रमाण धरा. दहा रुपयांतले आठ कॉम्प्युटरला, दोन आवाजाला.

पैशाविषयी शेवटचं. पुढच्या बिलावर डोळा ठेवून हप्ते करू नका. "शून्य टक्के व्याज" म्हणणाऱ्याला प्रक्रिया शुल्क किती ते विचारा. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर अभ्यासक्रमाला लागणाऱ्या संगणकाचा खर्च त्यात धरता येतो, बँकेच्या शाखेत आधीच बोला. आणि खरेदीच्या दिवशीच केलेल्या कामाची दुसरी प्रत ठेवायला एक बाहेरची डिस्क घ्या. बेणं आपण राखून ठेवतो, तसंच हे.

काही मंडळी म्हणतील, शेतकऱ्याच्या पोराला ही थेरं कशाला? माझं मत स्पष्ट आहे. उसाला पाणी घालताना आपण पीक कोणतं आहे ते बघतो, शेजाऱ्याचं तोंड बघत नाही. आपल्या घरातलं लेकरू गाणं किंवा रेषा घेऊन आलं असेल तर त्याला लागतं तेवढं द्यावं, जास्त नको आणि कमीही नको. किती लागतं हे त्यालाच विचारावं. मुलगी असेल तर आवर्जून विचारावं, कारण तिला विचारायचं आपण विसरतो.

पुतण्या आता तालुक्याला एका फोटो स्टुडिओत काम करतो. मुलीच्या खरेदीआधी तिचा कागद मी त्यालाच दाखवला होता. त्यानं वाचला, एके ठिकाणी ८ खोडून १६ केलं आणि म्हणाला, "काका, या वेळी मी बोललो तर चालेल ना?"

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी