शिकायला एकटंच जायचं?

ब्रिटनला मास्टर्सला जायचं म्हटलं की ऑफिसात पहिली चर्चा फीची. माझ्या मते लग्न झालेल्यांनी आधी वेगळंच बघावं: घरच्यांना नेता येतंय का? जानेवारी 2024 पासून नेहमीच्या एक वर्षाच्या मास्टर्सला बायको-नवरा-मुलांना व्हिसा मिळत नाही. पीएचडी, संशोधनाचा कोर्स आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या एवढेच अपवाद.

ब्रिटनची बाजूही आहे म्हणा. विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांचे व्हिसा 2019 मध्ये सुमारे 16 हजार होते, 2022 मध्ये 1 लाख 36 हजार झाले. सरकार दचकणारच.

पण एकटा विद्यार्थी बघतो काय? लायब्ररी, आठवड्याला 20 तासांची नोकरी आणि मायक्रोवेव्ह! पोर बरोबर असलं की शाळेच्या फाटकावर ओळखी होतात. शनिवारी त्याला कुठेतरी न्यावंच लागतं आणि तिथे ते जमतंही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डायनोसॉर फुकट, यॉर्कचं रेल्वे म्युझियम फुकट (ते बापालाच जास्त आवडतं!), पाच वर्षांखालच्यांना रेल्वेचं तिकीट नाही. फॅमिली रेलकार्डवर मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना 60 टक्के सूट.

बाबासाहेब 1920 मध्ये लंडनला गेले तेव्हा रमाबाई मुंबईतच राहिल्या. परिस्थितीच तशी होती. आज पाच-सहा वर्षं नोकरी करून पैसे साठवलेल्यालाही नियम अडवतो.

म्हणून म्हणतो, घरी लहान मूल असेल तर संशोधनाच्या कोर्सचा किंवा दुसऱ्या देशाचा विचार आधी करा. डिग्री दोन वर्षांनीही मिळते हो, पोर तोवर मोठं झालेलं असतं.