गाझासाठी बोललो, सुदानसाठी कधी बोलणार?



ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ या दोन महिन्यांत इतकं काही घडलं की रोजच्या मथळ्यांत एका बातमीचा दुसरीशी असलेला संबंध लक्षातच येत नाही. म्हणून तीन ठिकाणच्या घडामोडी मी इथे शेजारी शेजारी ठेवतो आहे.

गाझा : १० ऑक्टोबरला युद्धबंदी लागू झाली. हमासने जिवंत असलेले २० ओलीस सोडले, इस्रायलने सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी कैदी सोडले. पण महिनाअखेरीस इस्रायलने पुन्हा बॉम्ब टाकले आणि गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या माहितीनुसार एका रात्रीत शंभरहून अधिक माणसं मारली गेली. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने अमेरिकेचा ठराव मंजूर केला. रशिया आणि चीन तटस्थ राहिले. ठरावानुसार गाझात आंतरराष्ट्रीय फौज येणार आणि कारभारावर ट्रम्प यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ देखरेख करणार. पॅलेस्टिनी राज्य कधी स्थापन होणार, याची तारीख मात्र त्यात नाही.

सुदान : इथे एप्रिल २०२३ पासून जनरल बुरहान यांचं सैन्य आणि हेमेदती यांची आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढत आहेत. एक कोटीहून अधिक लोक बेघर झाले आहेत. पाचशेहून अधिक दिवसांच्या वेढ्यानंतर २६ ऑक्टोबरला दारफूरमधलं अल-फाशिर शहर आरएसएफने घेतलं. तिथल्या प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मिळून ४६० हून अधिक जण मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. पुढच्याच आठवड्यात शहरात दुष्काळ जाहीर झाला. दुसऱ्या बाजूच्या सैन्यावरही गजबजलेल्या बाजारांवर बॉम्ब टाकल्याचे आरोप आहेत.

सीरिया : १० नोव्हेंबरला अहमद अल-शरा व्हाइट हाऊसमध्ये गेले. असदची राजवट कोसळल्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला होता. पण मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर अलावी समाजाची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार सुमारे १,४०० लोक, बहुतेक सामान्य नागरिक, मारले गेले. या प्रकरणाचा खटला आता अलेप्पोत सुरू झाला आहे.

आता आपल्याकडे पाहू. गाझासाठी आपले तरुण रस्त्यावर आले, वर्गणी काढली, दुआ केल्या. हे योग्यच होतं. अल-फाशिर पडलं तेव्हा मात्र आपल्या बहुतेक व्हॉट्सअॅप गटांत मला शांतताच दिसली. याचं कारण मला स्पष्ट दिसतं. गाझात जुलूम करणारा परका आहे. सुदानमध्ये मारणारा आणि मरणारा दोघेही कलमा पढणारे आहेत.

दुसरंही एक कारण आहे, ते बोलायला जड जातं. आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे. अमिराती तो नाकारते. सुदानच्या खाणींतलं बरंचसं सोनं मात्र दुबईच्या बाजारात पोहोचतं, हे जगजाहीर आहे. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल दुबईच्या पगारावर पेटते. तिथे नोकरी करणाऱ्या भावाने जाहीर बोलावं, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण इथे सुरक्षित बसलेल्या आपण तरी गप्प का राहायचं? साक्ष आपल्याच माणसांविरुद्ध गेली तरी खरी द्यावी, ही आपल्या दीनची शिकवण आहे. आपण ती निवडून पाळली, तर गाझाबद्दलचं आपलं बोलणंही जग गांभीर्याने घेणार नाही.

बोलून काय होतं, असं कोणी विचारेल. दारफूरमध्ये २००३-०४ साली अत्याचार करणाऱ्या जंजावीद टोळ्यांचा एक म्होरक्या, अली कुशैब, याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ ला दोषी ठरवलं. त्याच टोळ्यांतून पुढे आरएसएफ उभी राहिली. वीस वर्षं लागली, पण साक्षीदार हटले नाहीत म्हणूनच निकाल लागला.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या जुम्याला गाझासोबत सुदानसाठीही दुआ करा. मदत गोळा करत असाल तर त्यातला हिस्सा तिकडेही पाठवा. आणि कोणताही व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला आणि कधीचा, हे तपासा. एक खोटा व्हिडिओ निघाला, की खऱ्या शंभर साक्षींवर संशय येतो.