घाटात गाडी गचके का देते?

वीकएंडला शहाद्याहून तोरणमाळ गाठायचा प्लॅन आहे? मग आधी गाडीचं ऐका. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी पळणारी पेट्रोल गाडी घाटात ॲक्सिलरेटर दाबला की गचके देते. कारण साधं आहे. चढावर इंजिनाला जास्त हवा, जास्त पेट्रोल आणि दमदार ठिणगी लागते. आपल्या खानदेशी धुळीने चोंदलेला एअर फिल्टर, तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा झिजलेले स्पार्क प्लग तिथेच उघडे पडतात. माझा फंडा सोपा आहे : आधी स्वस्त ते तपासा, मग स्कॅनर लावा, अंदाजाने पार्ट बदलू नका. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर ओव्हरटेक विसरा, सुरक्षित जागा बघून थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. प्लग शेकड्यांत येतात, तो हजारोंत!