छंदाला कारण कशाला?

छंद म्हणून सुतारकाम शिकायचे आहे, असे बाईने म्हटले की पहिला प्रश्न येतो, "त्यातून मिळणार काय?" घरातून तो येतोच. आपल्या गटांतूनही येतो, म्हणून हे लिहिणे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. तिच्या मूलोद्योगांत कताई-विणकामाबरोबर सुतारकामही होते. करवत चालवता चालवता मुलांना मोजमाप, भूमिती कळावी, हा विचार आजही मोलाचा आहे. पण त्याच अभ्यासक्रमात एक पळवाट होती. सहावी-सातवीच्या मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा! समितीत आशादेवी आर्यनायकम् असूनही! हात जरा बसू लागण्याच्या वयातच मुलीला चुलीकडे वळवायची सोय झाली.

त्याआधी तरी वेगळे काय होते? सुतारकी बलुत्याची, बापाकडून मुलाकडे जाणारी. घरच्या बाईने भुसा झाडायचा, फळी धरायची. पुढे प्रशिक्षणे आली ती शिवण, पापड, मसाले, ब्युटी पार्लरची. त्या याद्या आपणही मुकाट्याने भरून दिल्या.

"आत्महत्यांनी पोळलेल्या या कापसाच्या जिल्ह्यात छंद कसले?" असे कार्यकर्त्या मैत्रिणी विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण याच गावांत पारावर पत्त्यांचे डाव रंगतात, त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. बाईचा तास मात्र बचत गटाच्या वहीत चढलाच पाहिजे. पोट भरल्यावर विरंगुळा, असा नियम असेल तर घरात सर्वांत शेवटी जेवणारीची पाळी कधी यायची?

"ताकद लागते हो," असेही ऐकवतात. डोक्यावर हंडा आणि काखेत पोर घेऊन चालणारीला! रंध्याच्या पात्याला धार नीट असली आणि लाकडाच्या रेषांच्या कलाने तो चालवला, तर पातळ साल अलगद निघते. उलट चालवला तर तंतू उचकटतात, मग कितीही ताकद लावा. गुण्या धरून रेघ मारायची, रेघ राखून करवत चालवायची, पटाशीने थोडे थोडे खाच पाडायची. दोन तास कोणी हाक मारू नये, असे हे काम आहे. आणि न्हाणीच्या दाराची कडी महिनोन्महिने निखळलेली असते, ती बसवायला मग कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत.

तेव्हा वर्धा-सेवाग्राम परिसरात बायकांसाठी हातहत्यारांचा सुतारवर्ग मागू या. संध्याकाळ स्वयंपाकाची, म्हणून दुपारी तीन ते पाच. शिकवणाऱ्या सुताराला रीतसर मोबदला, सुतारांच्या लेकीसुनांना पहिली जागा, शेजारी पाळणाघर. प्रमाणपत्र नको, कर्जयोजना नको. हत्यारे वर्गातच कुलपात राहावीत. घरी गेलेली करवत तिच्या नावावर फार दिवस राहत नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने निदान पाच नावे लिहून आणावीत.